ख्रिस्ती संस्थेची आंतरराष्ट्रीय शाळा आणि अनेक धर्मांची मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरावरच्या एका ख्रिस्ती निवासी शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, मुलं पुण्या-मुंबईपासून कोरिया-नायजेरियापर्यंतची आहेत आणि आवाराच्या मधोमध चॅपल, म्हणजे शाळेचं छोटं चर्च, आहे. प्रवेशाचे दिवस आले की पालकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. विचारणारे हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध, पारशी असतात, आणि तितक्याच काळजीने ख्रिस्ती पालकही विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. मतं माझी आहेत, शाळेची अधिकृत भूमिका नव्हे. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. प्रकरण गंभीर असेल तर वकिलाला विचारा.

१. आंतरराष्ट्रीय शाळा आहे, तर ती ख्रिस्ती कशी? दोन्ही एकदम कसं असतं?

'आंतरराष्ट्रीय' हे अभ्यासक्रमावरून आणि मुलांवरून ठरतं, 'ख्रिस्ती' हे संस्थेवरून. भारतात या दोन्ही गोष्टी एकत्र येण्यामागे इतिहास आहे. मसुरीजवळच्या लंढोरमधली वूडस्टॉक शाळा १८५४ ची. कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. आईवडील मैदानी भागात दवाखाने आणि शाळा चालवायचे आणि मुलं थंड हवेच्या ठिकाणी शिकायची. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले, मग या शाळांनी सगळ्यांसाठी दारं उघडली. १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेने आयबी सुरू केलं. भारतात ते पहिल्यांदा तिथेच आलं.

आपल्याकडे पाचगणीत, पुण्यात, मुंबईत अँग्लिकन आणि कॅथलिक संस्थांच्या जुन्या शाळा आहेत. त्यांतल्या काहींनी गेल्या काही वर्षांत आयबी किंवा केंब्रिज घेतलं. सगळ्यांना एकच 'मिशनरी शाळा' समजू नका. कुठे शाळा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला विभाग) चालवतो, कुठे धर्मसंघ (व्रतस्थ फादर किंवा सिस्टरांची संस्था), कुठे स्वतंत्र विश्वस्त मंडळ. उपासनेचे नियम त्यावर ठरतात. प्रवेश घेण्याआधी संस्था नेमकी कोणाची आहे हे विचारा.

२. आम्ही ख्रिस्ती नाही. मुलाला प्रार्थनेला बसावंच लागेल का?

राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये याचं उत्तर आहे. शासनाची मान्यता असलेल्या किंवा शासकीय निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला संमतीशिवाय भाग पाडता येत नाही. मूल कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर संमती पालकांची लागते. संस्था अल्पसंख्याक असली तरी हा नियम लागू आहे. अल्पसंख्याकांना आपली शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क कलम ३० देतं, पण दुसऱ्याच्या मुलाला गुडघे टेकायला लावायचा हक्क त्यात येत नाही.

रोजच्या व्यवहारात असेंब्ली आणि उपासना या वेगळ्या गोष्टी आहेत. असेंब्लीत सूचना, बातम्या, एखादं गाणं आणि शेवटी छोटी प्रार्थना असते. तिथे मूल सगळ्यांबरोबर उभं राहतं, पण हात जोडायचे का, ओठ हलवायचे का, हे त्याचं त्याने ठरवायचं. रविवारची उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) वेगळी. तिथे येणं पूर्णपणे ऐच्छिक हवं. न येणाऱ्या मुलाला त्या तासात वाचनालय किंवा दुसरं चांगलं काम मिळालं पाहिजे. त्याला कॉरिडॉरमध्ये बाकावर बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. शाळेला हे आवर्जून विचारा : 'जे येत नाहीत ते त्या वेळात काय करतात?' यावर शाळा अडखळली, तर ऐच्छिकपणा कागदावरच आहे असं समजा.

३. प्रवेशाच्या फॉर्मवर 'शाळेच्या धार्मिक परंपरांचा आदर करू' अशी ओळ होती. सही केली. आता नाही म्हणता येईल का?

आदर करणं आणि सहभागी होणं यांत अंतर आहे. आदर म्हणजे प्रार्थना चालू असताना गोंधळ न घालणं, चॅपलमध्ये टोपी काढणं, बायबलची टिंगल न करणं. एवढं कोणत्याही घरी पाहुणे गेलो तर आपण करतोच. पण त्या ओळीखाली 'सर्व उपासनांना उपस्थिती अनिवार्य' असंही असेल, तर सही करण्यापूर्वी बोला. सही झाली असेल तर मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या : अमुक गोष्टीला आमची संमती आहे, अमुक गोष्टीला नाही. पत्राची पोच ठेवा. माझ्या मते संमती म्हणजे एकदा दिली की आयुष्यभर बांधून टाकणारी गोष्ट नव्हे, आणि चांगली शाळा त्यावर वाद घालत नाही.

४. 'व्हॅल्यू एज्युकेशन'च्या तासाला बायबलच्या गोष्टी सांगतात. हे धार्मिक शिक्षणच ना?

कशा सांगतात त्यावर अवलंबून आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून 'रस्त्यात पडलेल्या परक्या माणसाशी आपण कसं वागतो' यावर वर्ग बोलत असेल, तर ते नीतीचं शिक्षण. तीच गोष्ट सांगून 'म्हणून येशूवर विश्वास ठेवलाच पाहिजे' असं शिक्षक म्हणत असतील, तर ते धर्माचं शिक्षण, आणि त्याला प्रश्न २ मधला संमतीचा नियम लागू होतो.

धर्मांविषयी माहिती देणं म्हणजे धर्माची शिकवण देणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केलं आहे. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत जागतिक धर्म हा एक विषयच घेता येतो. तिथे इस्लाम, बौद्ध, ज्यू, हिंदू परंपरा अभ्यासाचा विषय म्हणून येतात आणि ख्रिस्ती धर्मालाही तीच भिंगं लावली जातात. ख्रिस्ती संस्थेने हा विषय शिकवावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या श्रद्धेविषयी कठीण प्रश्न ऐकण्याची सवय त्याने लागते.

५. स्पष्ट विचारतो, मुलाचं धर्मांतर तर करणार नाहीत ना?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. विचारताना पालकांचा आवाज थोडा खाली येतो. त्यात संकोच कशाला? हा प्रश्न रास्त आहे.

आधी तत्त्व सांगते. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, धर्मस्वातंत्र्यावरचं घोषणापत्र काढलं. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या मिशनकार्यावरच्या दस्तावेजात बळजबरी आणि गैर क्लृप्त्या या दोन्हींना मनाई आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची भूमिकाही हीच आहे. अज्ञान मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या संमतीशिवाय करणारी शाळा कायद्याच्या आणि स्वतःच्या धर्माच्याही विरुद्ध वागते.

आता व्यवहार. पाचगणीच्या सेंट पीटर्स या अँग्लिकन शाळेत १९५० च्या दशकात झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकायला आला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. १९९१ मध्ये लंडनमध्ये त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण ख्रिस्ती शाळांत शिकलेली आपल्याच नात्यातली, गल्लीतली माणसं आठवून पाहा.

धोक्याच्या खुणा मात्र ओळखून ठेवा. 'हे घरी सांगू नकोस' असं मुलाला कोणी म्हणत असेल, प्रार्थनागटाला येण्याशी सहलीतली जागा, सवलत किंवा शिक्षकांची मर्जी जोडली असेल, मुलाच्या देवाला किंवा घरच्या माणसांना नावं ठेवली जात असतील, तर गप्प बसू नका. दाद कुठे मागायची ते प्रश्न १६ मध्ये आहे. मुलाने घरी येऊन बायबलमधली योसेफाची गोष्ट रंगवून सांगणं ही खूण नव्हे.

६. सुट्टीत घरी आलेली नात जेवायच्या आधी डोळे मिटून येशूची प्रार्थना म्हणते. मला अस्वस्थ वाटतं. गप्प बसू का?

हा प्रश्न साताऱ्याच्या एका आजींचा. आजी, गप्प बसू नका आणि रागावूही नका. ती काय म्हणते ते आधी ऐका. बहुतेक ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना असेल. तिच्यात 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' अशी ओळ आहे. ती झाली की तुम्ही 'वदनि कवळ घेता' म्हणा. मुलांना दोन्ही सहज येतं. वसतिगृहात शंभर मुलींबरोबर रोज जे म्हटलं जातं ते तोंडात बसतंच.

आणि ही भाषा तुम्हाला वाटते तितकी परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूवर अभंग लिहिले आणि मराठी मंडळ्यांत टिळकांची पदं आजही गायली जातात. नातीला हरिपाठ शिकवा. शाळेत ती मैत्रिणींना म्हणून दाखवेल, आणि शाळा चांगली असेल तर तिला असेंब्लीतही बोलावतील.

७. शाळेत गणपती बसत नाही, पण नाताळ दोन आठवडे चालतो. हा भेदभाव नाही का?

ख्रिस्ती संस्थेचा नाताळ हा तिचा घरचा सण आहे. गणपती बसवणं म्हणजे प्राणप्रतिष्ठा, रोजची पूजा, आरती, विसर्जन. ज्या संस्थेची त्यावर श्रद्धा नाही तिने ते सजावट म्हणून करावं, हे मला गणपतीच्या दृष्टीनेच योग्य वाटत नाही.

पण यापुढची जबाबदारी शाळेची आहे. हिंदू मुलांना आपला सण पाळायला जागा आणि वेळ मिळालाच पाहिजे. आमच्याकडे दिवाळीला बऱ्याच मुली सुट्टीत घरी असतात, पण परदेशी मुलांबरोबर काही जणी राहतात. त्या स्वतः पहाटे उटणं लावून अंघोळ करतात, डॉर्मच्या पायऱ्यांवर ठिपक्यांची रांगोळी काढतात, आणि कोरियन मुली ठिपके मोजायला शिकतात. फराळ मेसमधून येतो. ईदला मुस्लिम मुलं वॉर्डनबरोबर गावातल्या मशिदीत जाऊन येतात. यजमान त्या त्या धर्माची मुलं असतात. शाळा दार उघडते, गाडी देते, वेळापत्रक हलवते. चाचणी परीक्षा ईदच्या दिवशी लावायची आणि नंतर असेंब्लीत 'ईद मुबारक' म्हणायचं, याला अर्थ नाही.

८. नाताळच्या नाटकात आमच्या मुस्लिम मुलाला योसेफाची भूमिका दिली आहे. काय करू?

शाळेशी आजच बोला. बहुतेक वेळा शिक्षकांना कल्पना नसते. येशूचा जन्म मुस्लिम मुलाला परका नाही. कुराणात मरियमच्या नावाचा अख्खा सूरा आहे, एकोणिसावा, आणि त्यात ईसांच्या जन्माची हकिगत आहे. पण अनेक मुस्लिम घरांत पैगंबरांची आणि मरियमसारख्या पवित्र व्यक्तींची सोंगं घेणं चालत नाही. योसेफाबद्दल, म्हणजे नाटकातल्या मरियेच्या नवऱ्याबद्दल, घराघरांत मतं वेगळी असतात. निवेदक, मेंढपाळ, प्रकाशयोजना, ढोलकी अशी कितीतरी कामं असतात. भूमिका वाटण्यापूर्वी घरी चिठ्ठी पाठवावी, हा नियम प्रत्येक शाळेने करावा.

नाटक ऐच्छिक असावं हे ओघानेच आलं. पण 'सगळ्यांना चालेल' म्हणून गोठ्याचा देखावा काढून नुसतं बर्फ, सांता आणि हरणं ठेवायची, हा उपाय मला पटत नाही. त्याने मुस्लिम मुलाचा काही फायदा होत नाही आणि ख्रिस्ती मुलाचा सण हिरावला जातो.

९. जेवणाचं काय? जैन, हलाल, उपवास सांभाळतात का?

मेस हीच खरी परीक्षा. माहितीपत्रकात 'सर्व आहारपद्धतींचा आदर' असं छापलेलं असतं, पण खरं काय ते भटारखान्यात कळतं. एक उदाहरण देते. पर्युषणात जैन मुलांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, फुटबॉलचा सराव साडेसहाला सुटतो आणि मेस साडेसातला उघडते. मुलाने सराव सोडायचा की जेवण? यावर तोडगा एकच : त्या दिवसांत सहा वाजता वेगळं ताट, कांदा-लसूण-बटाटा नसलेलं, आणि प्रशिक्षकांना आधी सूचना. आचाऱ्याला हे सांगितलं की तो करतो. सांगणारं कोणीतरी हवं, एवढंच.

शाळेला हेही विचारा : शाकाहारी आणि मांसाहारी भांडी, डाव, तेल वेगळं आहे का, मांस हलाल आहे का आणि ते कोणाकडून येतं, रमजानमध्ये पहाटे सहेरीला काय मिळतं, चतुर्थीला किंवा एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागता येते का. कॅथलिकांचेही उपवास असतात, हे इतर पालकांना माहीत नसतं. राखेचा बुधवार (ॲश वेन्सडे), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातले सगळे शुक्रवार ते मांस वर्ज्य करतात. त्या दिवशी सगळी मेस शाकाहारी ठेवणाऱ्या शाळा आहेत, आणि जैन मुलांना ते दिवस फार आवडतात.

१०. आम्ही ख्रिस्ती आहोत. शाळा सगळ्यांना सांभाळता सांभाळता स्वतःचं ख्रिस्तीपणच विसरली आहे असं वाटतं. तक्रार करायची कोणाकडे?

वसईच्या, नगरच्या, गोव्याच्या पालकांकडून हे बरेचदा ऐकते, आणि मला ही तक्रार गंभीर वाटते. पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते, मुलाला श्रद्धेचं वातावरण मिळावं अशी अपेक्षा असते, आणि शाळेच्या संकेतस्थळावर येशूचं नाव कुठे सापडत नाही. 'मूल्याधिष्ठित', 'जागतिक नागरिक' असे गुळगुळीत शब्द सापडतात.

व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने २०२२ मध्ये याच विषयावर मार्गदर्शन काढलं, कारण जगभर हा ताण आहे. शाळेने ओळख सोडायची नाही आणि संवादही सोडायचा नाही, असा त्याचा सूर. भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या. रोज असेंब्लीत राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचं वाचन व्हावं, सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची खोली असावी, आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असं त्यांत आहे. काही ख्रिस्ती पालकांना ही माघार वाटली. मला वाटत नाही. लादणं थांबलं म्हणून श्रद्धा पातळ होत नाही.

ख्रिस्तीपण पातळ झालंय का हे पाहायचं असेल तर मी चार ठिकाणी पाहते. चॅपल आठवडाभर उघडं असतं की फक्त पालकदिनाला? शिपायाच्या, आचाऱ्याच्या मुलांना त्याच शाळेत शिकता येतं का? चूक केलेल्या मुलाला पुन्हा संधी मिळते की वडिलांची ओळख पाहून? आणि ज्या ख्रिस्ती मुलांना बायबल शिकायचं आहे, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची) तयारी करायची आहे, त्यांना वेळापत्रकात जागा आहे का? शेवटचा हक्क मागायला ख्रिस्ती पालक संकोचतात. मागा. हिंदू मुलाला प्रार्थनेतून सूट मिळते म्हणून ख्रिस्ती मुलाला प्रार्थना मिळूच नये, असं होत नाही.

११. शिक्षक ख्रिस्तीच असतात का? आणि ख्रिस्ती नसलेल्या शिक्षकाने वर्गात प्रार्थना घ्यायची का?

अल्पसंख्याक संस्थेला आपले शिक्षक निवडण्याचं बरंच स्वातंत्र्य आहे. प्रमुखाची निवड हा तर त्या हक्काचा गाभा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मल्याळी ख्रिस्ती महाविद्यालयाच्या प्रकरणात म्हटलं. प्रत्यक्षात मुख्याध्यापक आणि चॅपलन (शाळेचे धर्मगुरू) ख्रिस्ती, बाकी शिक्षक सर्व धर्मांचे, असंच चित्र बहुतेक ठिकाणी दिसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. ती शाळा ख्रिस्ती नव्हती, पण तत्त्व सगळ्यांना सारखंच. माझ्या सहकाऱ्यांपैकी जे प्रार्थना घेत नाहीत ते त्या वेळी मिनिटभर शांतता ठेवतात, आणि वर्गाला त्यात काही वावगं वाटत नाही.

१२. अशा शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागा लागू आहेत का?

अल्पसंख्याक संस्था असेल तर सध्या नाहीत. २०१४ चा घटनापीठाचा निकाल तसा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं, तेव्हा पुढे यात बदल होऊ शकतो. नुसतं 'सेंट' नाव असलं म्हणून शाळा अल्पसंख्याक ठरत नाही. प्रमाणपत्र आहे का ते विचारा.

१३. हिजाब, पगडी, टिळा, टिकली, गळ्यातला क्रॉस : काय चालतं?

इथे कायदा अजून स्थिर नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका ख्रिस्ती शाळेच्या प्रकरणात संस्थेच्या गणवेशाच्या अधिकाराला मुलींच्या हिजाबपेक्षा जास्त वजन दिलं. कर्नाटकच्या हिजाबबंदीच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या हिजाब आणि टोपीबंदीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असा प्रश्न त्या सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारला होता.

तोच प्रश्न मी ख्रिस्ती शाळांना विचारेन. गळ्यातला क्रॉस चालत असेल तर टिकली चालली पाहिजे, शीख मुलाची पगडी चालत असेल तर गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ का नको? ज्या शाळेत फक्त एकाच धर्माची खूण 'दागिना' ठरते, तिथे नियम धर्म पाहून केलेला आहे. खेळाच्या तासाला आणि प्रयोगशाळेत सुरक्षिततेसाठी सगळ्यांचं सगळं काढायला लावलं तर हरकत नाही.

१४. राष्ट्रगीताला एक मुलगा उभा राहतो पण गात नाही. तो ख्रिस्तीच आहे म्हणतात. हे कसं?

तो यहोवाचे साक्षीदार या पंथाचा असावा. १९८५ मध्ये केरळात या पंथाच्या तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढलं होतं. बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं : ती आदराने उभी राहतात, गायची सक्ती करता येणार नाही. इतर मुलांना हे समजावून सांगा, नाहीतर त्या मुलाला वर्गात फार ऐकून घ्यावं लागतं. 'ख्रिस्ती' म्हणजे एकसारखे लोक नव्हेत, हेही त्यातून समजतं. एकाच डॉर्ममध्ये कॅथलिक, मार थोमा, पेंटेकॉस्टल, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या मुली असतात आणि त्यांचेही आपसांत वाद होतात.

१५. मुलगी मिस्सेच्या वेळी रांगेत उभी राहिली आणि फादरांनी दिलेली पोळी खाल्ली. आता काय होणार?

काही होणार नाही. तिचा धर्म बदलला नाही आणि तिने पापही केलेलं नाही. रांग दिसली की प्रसाद मिळणार, हे आपल्या मुलांच्या अंगात मुरलेलं असतं. ओंजळ पुढे करून ती उभी राहिली असेल, उजवा हात वर, डावा खाली, अगदी तीर्थ घ्यायला उभी राहते तशी.

पण कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ते बाप्तिस्मा घेऊन पहिलं ख्रिस्तप्रसादग्रहण झालेल्यांनाच दिलं जातं. मुलीला रागावू नका. एवढंच सांगा की हे मैत्रिणींसाठी फार पवित्र आहे आणि आपण त्या वेळी जागेवर बसायचं. अनेक ठिकाणी छातीवर हात घडी घालून पुढे गेलं की फादर फक्त आशीर्वाद देतात. तुम्हाला चालत असेल तर तेही करता येईल. खरं तर हे पहिल्याच आठवड्यात चॅपलनने नवीन मुलांना सांगायला हवं.

१६. शाळेने प्रश्न २ किंवा ५ मध्ये सांगितलेली मर्यादा ओलांडली तर दाद कुठे मागायची?

आधी चॅपलनशी बोला. अर्ध्या तक्रारी एखाद्या अतिउत्साही शिक्षकामुळे असतात आणि तिथेच मिटतात. मग मुख्याध्यापकांना लेखी, तारीख आणि नेमका प्रसंग लिहून. नंतर व्यवस्थापन मंडळ. त्यापुढे महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. मूल घाबरलेलं असेल, त्याला धमकावलं किंवा कोंडलं जात असेल, तर पायऱ्या चढत बसू नका, १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा. मुलाचं म्हणणं स्वतः, एकांतात ऐकल्याशिवाय प्रकरण समाजमाध्यमांवर टाकू नका. एकदा ते तिथे गेलं की त्याला धर्माचा रंग चढतो, आणि वर्गात परत जायचं असतं ते त्याच मुलाला.

१७. आम्ही लंडनजवळ राहतो. घराजवळची चांगली सरकारी शाळा चर्च ऑफ इंग्लंडची आहे. तिथे हेच नियम का?

नाही, तिथला कायदा वेगळा आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत रोजची सामूहिक उपासना कायद्यानेच सांगितलेली आहे. पण पालकांना मुलाला तिच्यातून आणि धर्मशिक्षणाच्या तासातूनही काढून घेण्याचा हक्क आहे. बारावी-तेराव्या इयरची मुलं उपासनेतून स्वतःच बाहेर पडू शकतात. चर्चला जाणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य असेल तर ते जागांपेक्षा अर्ज जास्त आले तरच लागू होतं, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या कित्येक शाळा फक्त घराचं अंतर पाहतात. खासगी शाळांचे नियम त्यांच्या करारात असतात.

१८. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःहून चॅपलला जायला लागलाय. (याच आठवड्यात एका ख्रिस्ती आईचं उलट पत्र : मुलगी म्हणते, मला विश्वास वाटत नाही, मी उपासनेला येणार नाही.)

दोन्ही घरांना एकच उत्तर देते. कलम २८ प्रमाणे अज्ञान मुलाची संमती तुमच्या हातात आहे. पण भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात, कलम १४ मध्ये, मुलाच्या स्वतःच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आहे. पालकांनी वाट दाखवायची ती मुलाची समज वाढेल त्या प्रमाणात. सोळाव्या वर्षी समज बरीच आलेली असते.

शाळेने काय करावं याबद्दल माझं मत ठाम आहे. मुलगा चॅपलमध्ये बसतो तर बसू द्यावं, पण घरच्यांपासून लपवू नये आणि त्याला 'आपला' म्हणून मिरवू नये. बाप्तिस्म्याची भाषा कोणी काढली तर सांगावं, सज्ञान हो, घरी बोल, मग पाहू. मुलीला उपासनेतून सूट द्यावी, हिंदू मुलीला देतात तशीच, आणि तिच्या आईला ती कळवताना चॅपलनने 'शाळेचं काही चुकलं' असा सूर लावू नये. घरी तुम्ही एवढंच करा : तिथे तुला काय मिळतं, किंवा काय खटकतं, ते विचारा आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. त्या आईला मी हेच कळवलं आहे, आणि त्या मुलीचं नाव सध्या रविवार सकाळच्या वाचनालयाच्या यादीत घातलं आहे.